हात जोडण्याआधी

आमच्या ह्यांना टपालाची तिकिटं जमवायचा नाद आहे. सगळी हयात मुरगाव बंदरात नोकरी. जगभरची जहाजं यायची, त्यांवरचे खलाशी यायचे, आणि हे त्यांच्याकडून तिकिटं मागून आणायचे. मी चेष्टा करायची, की लोक बोटीवरून परदेशी साबण आणतात नि तुम्ही चाटलेली तिकिटं आणता. पण नाद तो नाद. २०२१ च्या डिसेंबरात गोवा मुक्तीला ६० वर्षं झाली, तेव्हा पंतप्रधानांच्या हस्ते टपाल खात्याच्या काही वस्तू प्रकाशित झाल्या. हे थोड्या दिवसांनी पणजीला जाऊन त्या घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर मांडून बसले. मी ताटं हातात घेऊन उभी.

तीन वस्तू होत्या. एक तिकीट, त्यावर पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक. एक पोस्टकार्ड, त्यावर १९६१ च्या कारवाईत भाग घेतलेल्या जहाजांची चित्रं. आणि एक पाकीट, त्यावर आणखी एक स्मारक.

“हे कुठलं?” मी विचारलं.

“हे आपल्या गावातलं.”

“आपल्या? कुठं?”

“गोमंतक तळावरचं. नौदलाच्या गेटच्या आत.”

तीस वर्षं मी या गावात आहे. जयसिंगपूरहून लग्न होऊन आले ती थेट सड्यावरच्या पोर्टाच्या क्वार्टरमध्ये. इथल्या बाजारातला प्रत्येक भाजीवाला मला ओळखतो, “बाई, कांदा-लसूण नाय ना?” असं स्वतःच विचारतो. आणि गावात एक युद्धस्मारक आहे हे मला पोस्टाच्या पाकिटावरून कळलं. ह्यांना म्हटलं तसं, तर हे म्हणाले, “तुला गेटच्या आत कोण सोडणार होतं?” ते खरंच. पण कळून घ्यायला गेटच्या आत जावं लागत नाही.

ह्यांनी ते पाकीट चौकटीत बसवून बैठकीच्या भिंतीवर लावलं. तिथून माझी अडचण सुरू झाली.

दर रविवारी दुपारी आमच्याकडे सात-आठ बायका स्वाध्यायाला जमतात. वास्कोत आपली घरं थोडी, त्यामुळे इथं पंथबिंथ कोणी काढत नाही. राजस्थानच्या आहेत, गुजराती आहेत, दोघी-तिघी बेळगाव-निपाणीकडच्या. मराठी-हिंदी-कानडी असं आमचं कडबोळं असतं. त्या रविवारी विषय निघाला १०८ चा. जपमाळेत १०८ मणी का, तर त्याचा एक अर्थ आपल्याकडे असा सांगतात: पाप घडतं ते मनानं, वाणीनं, शरीरानं, असं तीन तऱ्हांनी. ते आपण स्वतः करतो, दुसऱ्याकडून करवतो, किंवा दुसऱ्यानं केलेल्याला मान डोलावतो, म्हणजे कृत, कारित आणि अनुमोदित. पुन्हा त्याच्या तीन पायऱ्या: करायचं ठरवणं, त्याची तयारी करणं, प्रत्यक्ष सुरू करणं. आणि मुळाशी क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. मला गणित कधी आलं नाही, पण हा पाढा मला फार आवडतो. पापाचा इतका बारीक हिशेब ठेवणाऱ्या लोकांत आपण जन्मलो याचा अभिमान वाटतो. (हा ‘मान’ कषाय झाला, मला माहीत आहे.)

तेवढ्यात बेळगावकडच्या मावशींची नजर भिंतीवर गेली. त्या पंचाहत्तरीच्या, व्रत-नियमात कडक, पाणी गाळायचं फडकं पर्समध्ये घेऊन फिरतात. त्यांनी विचारलं, “हे कसलं देऊळ गं?”

“देऊळ नव्हे मावशी, लढाईत गेलेल्या नौसैनिकांचं स्मारक आहे.”

“मग घरात कशाला लावलंस? येता-जाता नजर पडते, हात जोडले जातात. अनुमोदन नाही का होत ते?”

कुणी हसलं नाही. कारण प्रश्न बरोबर होता. मीही गेल्या आठवड्यात दिवा लावताना नकळत तिकडे बघून हात जोडले होते.

त्या पाकिटावरचं स्मारक कुणाचं आहे ते आधी सांगते. कारवारच्या समोर समुद्रात अंजदीव नावाचं एक लहानसं बेट आहे. ते गोव्यापासून दूर, कर्नाटकाच्या किनाऱ्याला खेटून. पण होतं पोर्तुगीजांकडे. १९६१ च्या नोव्हेंबरात तिथल्या सैनिकांनी जवळून जाणाऱ्या ‘साबरमती’ या भारतीय जहाजावर गोळीबार केला. मासेमारीच्या होडीवरही केला, त्यात एक मच्छीमार मेला. पुढे डिसेंबरात गोवा सोडवायची कारवाई ठरली तेव्हा अंजदीव नौदलाकडे आलं. १८ डिसेंबरला सकाळी ‘त्रिशूल’ या जहाजावरून नौसैनिकांची तुकडी होड्यांतून बेटाकडे निघाली. ‘म्हैसूर’ ही मोठी युद्धनौका पाठीशी होती. बेटावरून पांढरं निशाण दिसलं, आणि पुढची तुकडी किनाऱ्याला लागते तोच तिच्यावर गोळ्या सुटल्या, असं नौदलाकडून सांगितलं जातं. सात जण गेले, बरेच जखमी झाले. मग जहाजांनी तोफा डागल्या. दुसऱ्या दिवशी बेटावरचे सैनिक शरण आले.

हे सात जण खलाशी होते. खलाशी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ह्यांना तिकिटं देणारी ती विशी-बाविशीची पोरं येतात. कुणी केरळची, कुणी फिलिपिन्सची, आमच्या घरी येऊन संकोचानं पोहे खाणारी. नौसैनिक आणि व्यापारी जहाजावरचा खलाशी यांत फरक आहे हे मला कळतं. पण आईला जो मुलगा दिसतो तो सारखाच.

तर मावशींचा प्रश्न. मी दोन-तीन दिवस टाळला. मग मनाशी म्हटलं, दुसऱ्या स्मारकापुढं आपण काय करतो ते आधी पाहू.

दुसरं म्हणजे पत्रादेवीचं. ते माझ्या माहेरच्या वाटेवर आहे. वास्कोहून निघालं की पणजी, म्हापसा, पेडणे असं करत आपण पत्रादेवीला येतो. तिथं गोवा संपतो, पुढं बांदा, सावंतवाडी, आंबोली, आणि घाट चढला की माझं माहेर जवळ आल्यासारखं वाटतं. पूर्वी कदंबाच्या बसनं जायची तेव्हा खिडकीतून आणि आता गाडीतून, पत्रादेवी आलं की माझे हात आपोआप जोडले जातात. तिथं कधी प्रश्न पडला नाही.

का पडला नाही? कारण तिथं मेलेल्यांच्या हातात काही नव्हतं. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. निःशस्त्र, झेंडे घेऊन. त्या एका दिवसात पोर्तुगीजांच्या गोळ्यांनी वीसहून जास्त माणसं मेली. पत्रादेवीला सहोद्राबाई राय या मध्य प्रदेशातल्या बाई हातात तिरंगा घेऊन पुढं होत्या. त्यांना गोळ्या लागल्या. तेव्हा पंजाबातल्या इसरू गावचा कर्नेल सिंग पुढं झाला आणि छातीवर गोळी घेऊन पडला. त्याच्या लग्नाला काही महिनेच झाले होते. सहोद्राबाई वाचल्या, पुढं खासदार झाल्या. त्याच वर्षी एप्रिलात म्हापशाला सुधाताई जोशी गोवा काँग्रेसच्या अधिवेशनाच्या अध्यक्षा म्हणून उभ्या राहिल्या आणि अटक होऊन तुरुंगात गेल्या. आमच्या पिढीनं त्यांना ओळखलं ते पंडित महादेवशास्त्री जोशींच्या पत्नी म्हणून. खरं तर उलट ओळख करून द्यायला हवी होती, पण ते जाऊ दे.

पत्रादेवीपुढे हात जोडताना माझा धर्म माझ्या बाजूनं असतो. मारलं नाही, मेले. आपल्याला हे समजतं, हे पचतं. इतकं सहज पचतं की मला आता त्या सहजपणाचीच थोडी शंका येऊ लागली आहे. कारण १९५५ च्या रक्तानं पोर्तुगाल हललं नाही. सालाझारनं सत्याग्रह पाहिला आणि तुरुंग भरले. गोवा सुटला तो १९६१ च्या डिसेंबरात, तोफांनी. मला हे लिहिताना बरं वाटत नाही. अहिंसेवर श्रद्धा असलेल्या बाईनं तरी हे लिहू नये असं वाटतं. पण न लिहून ते बदलणार आहे का?

आणि गोवा सुटला म्हणून आम्ही इथं आहोत. हे इथं नोकरीला आले, कारण बंदर भारताचं झालं होतं. स्वाध्यायाला येणाऱ्या बायकांपैकी कुणाच्या घरचं कापडाचं दुकान आहे, कुणाचं सराफी, कुणाचं लोखंडी सामानाचं. यातलं एकही दुकान १९६१ पूर्वीचं नाही. तसे जैन गोव्याला नवे नाहीत. डिचोलीत कुडण्याला जुन्या जैन मंदिराचे अवशेष आहेत, फोंड्याकडे बांदिवड्याला नेमिनाथ बस्तीच्या भिंती उभ्या आहेत. पण त्या भिंतींचा आणि आमचा धागा मध्ये तुटलेला. आम्ही नंतर आलेले. आमचं बस्तान बसलं ते ज्या जमिनीवर, ती दुसऱ्या कुणीतरी मोकळी करून दिली.

हे सगळं माझ्या डोक्यात नीट आलं ते मावशींच्या प्रश्नानं नव्हे. माझ्या धाकट्यानं ते माझ्यापुढे ठेवलं, आणि फार कडू घासासारखं ठेवलं.

धाकटा इंजिनिअर झाला. पुण्यात चांगली नोकरी लागली. वर्षभरानं घरी आला आणि म्हणाला, नौदलाचा अर्ज भरला होता, मुलाखत झाली, मेडिकल झालं, निवड झाली. एळिमलाला ट्रेनिंग. आम्हाला सांगितलं ते सगळं झाल्यावर. हे काहीच बोलले नाहीत, उठून तिकिटांचा अल्बम काढून बसले. मी मात्र बोलले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एक वाक्य लिहिते, कारण ते मला अजून टोचतं. “अष्टमीला हिरवी भाजी न खाणारा तू, आणि आता तोफ चालवणार?”

तो शांतपणे म्हणाला, “हो.”

मी म्हटलं, “आपल्यात हे नाही.”

“आपल्यात नाही, मग कोणात आहे, आई?”

मी गप्प झाले. त्यानं पुढं काही म्हटलं नाही. पण मला ते ऐकू आलं. आपल्यात नाही म्हणजे शेजारच्या कुणाच्या तरी घरात असावं. पंजाबातल्या एखाद्या इसरूत असावं, कोकणातल्या, साताऱ्यातल्या एखाद्या वाडीत असावं. कुठल्या तरी दुसऱ्या बाईच्या पोटी असावं. तिच्या मुलानं मारावं, मरावं, पाप त्याच्या खाती जावं, आणि त्या बंदोबस्तात माझ्या मुलानं अष्टमी पाळावी.

आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. स्वयंपाक केला, त्याच्या आवडीचा केला, पण बोलले नाही. बायकांना हे जमतं.

त्या आठ दिवसांत मी पुस्तकं काढली. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत हे आपण लहानपणापासून ऐकतो. मारायच्या हेतूनं केलेली ती संकल्पी. चूल पेटवताना, केर काढताना घडते ती आरंभी. शेती, व्यापार, धंद्यात होते ती उद्योगी. आणि अन्याय करणाऱ्याला अडवताना, स्वतःचं किंवा दुसऱ्याचं रक्षण करताना होते ती विरोधी. साधूनं चारही सोडायच्या. गृहस्थाला सुटणारी म्हणजे संकल्पी. बाकीच्या तीन कमीत कमी करायच्या. महाव्रत आणि अणुव्रत यांतला हा फरक.

मैत्रिणींनो, आपण पहिल्या तीन प्रकारांवर किती वेळ घालवतो बघा. पाणी गाळणं, धान्य निवडणं, कंद वर्ज्य करणं, सूर्य मावळायच्या आत जेवणं. आणि चौथ्या प्रकारावर? मी पन्नास वर्षं तो नुसता ऐकला होता. ‘विरोधी हिंसेला गृहस्थाला मुभा आहे’ हे वाक्य प्रवचनात येतं आणि आपण पुढच्या वाक्याकडे जातो, कारण ती करायची वेळ आपल्यावर येत नाही. ती वेळ आपल्यावर का येत नाही, हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. उत्तर आमच्या गावातच गेटच्या आत उभं होतं.

शिवाय, ‘मुभा आहे’ म्हणजे दोष नाही असं नव्हे. हिंसा ती हिंसाच. गृहस्थाला ती टाळता येत नाही एवढंच शास्त्र मान्य करतं. म्हणजे जो सीमेवर उभा राहतो, तो स्वच्छ हातानं परत येत नाही, आणि हे जाणून तो उभा राहतो. त्याच्या मागं उभ्या असलेल्यांनी आपले हात बघून समाधान मानावं, हे मला आता पटेना.

आपले पूर्वज याबाबतीत आपल्याइतके सोवळे नव्हते. श्रवणबेळगोळचा बाहुबली ज्यानं दहाव्या शतकात घडवून घेतला, तो चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. लढाया करणारा माणूस. आणि त्यानं मूर्ती घडवली ती कुणाची? जिंकून शस्त्र खाली ठेवणाऱ्याची. भरत आणि बाहुबली या भावांत राज्यावरून तंटा लागला, सैन्यं समोरासमोर आली, तेव्हा मंत्र्यांनी सांगितलं की सैन्यं कशाला मारता, तुम्ही दोघंच लढा. मग नजरेचं युद्ध, पाण्यातलं युद्ध आणि कुस्ती. बाहुबली तिन्हीत जिंकला आणि जिंकल्याक्षणी त्याला त्या जिंकण्याची शिसारी आली. ही कथा मी मुलांना शंभरदा सांगितली असेल. पण ती एका सेनापतीला का प्रिय वाटली असेल, हा विचार या आठ दिवसांत पहिल्यांदा केला. ज्याच्या हाताखाली माणसं मेली, त्यालाच सैन्यं बाजूला ठेवण्याची किंमत कळणार.

माझ्या माहेरच्या बाजूला, आणि खाली कर्नाटकात तर फारच, जुन्या देवळांच्या आवारात दोन तऱ्हेचे स्मृतीचे दगड दिसतात. एक वीरगळ. त्यावर खालच्या चौकटीत लढाई, वर अप्सरा त्या वीराला घेऊन चालल्या आहेत, सर्वांत वर तो देवापुढे बसला आहे. गोव्यात तर जहाजांवरच्या लढाईचे वीरगळही मिळाले आहेत. दुसरा दगड आपला, निषिधी. सल्लेखना घेऊन शांतपणे देह ठेवणाऱ्याचा. लहानपणी आजी निषिधीला हात लावून कपाळाला लावायची आणि वीरगळ ओलांडून जायची. मीही तसंच करायची. आता वाटतं, दोन्ही दगड एकाच आवारात उभे केले होते ना? ते उभे करणाऱ्या लोकांना एका आवारात दोन्ही चालत होते.

नवव्या दिवशी मी धाकट्याला विचारलं, “तिकडं जेवणाचं काय?” तो हसला. तिथं माझा राग संपला. प्रश्न संपला नाही.

कारण अनुमोदनाची दुसरी बाजू आहे, आणि ती मला जास्त जड जाते. स्मारकावर आपल्याच माणसांची नावं असतात. सगळीकडे तसंच असतं, त्यात वावगं नाही. पण त्या दोन दिवसांत भारताच्या बाजूचे २२ आणि पोर्तुगालच्या बाजूचे ३० माणसं मेली, असे आकडे साधारणपणे दिले जातात. सड्यावरून संध्याकाळी समोर बघितलं की जुवारीचं तोंड दिसतं, पलीकडे दोना पावला. १८ डिसेंबरला दुपारी इथंच, मुरगावच्या तोंडाशी, ‘आफोंसो द आल्बुकेर्क’ हे पोर्तुगीज जहाज उभं होतं. ‘बेतवा’ आणि ‘बियास’ आत शिरल्या आणि गोळाबार झाला. ते जहाज जुनं, आपल्या जहाजांपुढं टिकणारं नव्हतं. त्याच्यावरचा कप्तान आरागाव जबर जखमी झाला. शेवटी जहाज बांबोळीच्या बाजूला वाळूत नेऊन लावलं. ज्या पाण्यावर मी तीस वर्षं बार्जी आणि जहाजं मोजत संध्याकाळ घालवली, तेच हे पाणी.

पुढचं मला फार आवडलं. लढाईनंतर ‘बेतवा’चे कमांडर पणजीच्या इस्पितळात त्या जखमी कप्तानाला भेटायला गेले. जाताना फुलं आणि चॉकलेट नेली. लिस्बनला घरी काही निरोप द्यायचा आहे का, असं विचारलं. आदल्या दिवशी एकमेकांवर तोफा डागलेली ही माणसं. याला मी काय म्हणू? आमच्या क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्यांना ‘उत्तम क्षमा’ म्हणत फिरतो, बहुतेक अशा लोकांना, ज्यांच्याशी वर्षभरात आपला काही तंटाच झालेला नसतो. मोबाईलवर एक निरोप दोनशे जणांना पाठवतो. ज्या जावेशी खरोखर बिनसलेलं असतं, तिला फक्त पाठवायचा राहतो.

आणि एक माणूस असा आहे, ज्याचं स्मारक असेल असं वाटत नाही. व्हासालो ई सिल्वा, पोर्तुगीजांचा शेवटचा गव्हर्नर जनरल. सालाझारनं त्याला लिस्बनहून कळवलं होतं की शरणागती नको, सैनिक एकतर जिंकलेले दिसावेत नाहीतर मेलेले. त्यानं ते ऐकलं नाही. पूल उडवले गेले, थोडाफार प्रतिकार झाला, पण आपली तीन हजारांहून जास्त माणसं त्यानं मरायला उभी केली नाहीत. १९ डिसेंबरला रात्री इथं वास्कोत त्यानं शरणागती दिली. त्याच्या सैनिकांच्या कैदेची एक छावणीही वास्कोतच होती. १९६२ च्या मे महिन्यात ते आपल्या देशी परत गेले. घरी गेल्यावर त्याच्या वाट्याला काय आलं? सैन्यातून काढून टाकलं. सालाझारची राजवट १९७४ ला कोसळल्यावर त्याची अब्रू परत मिळाली. एका वसाहतीचा हाकिम होता तो, मला त्याची आरती करायची नाही. त्याच्याच राज्यात इथले लोक आग्वादच्या तुरुंगात सडले. तरी वाटतं, त्याच्या एका नकारानं किती आयांची पोरं घरी गेली, आणि त्यांत आपल्याही किती. पण न झालेली लढाई दगडावर कशी कोरणार? न मेलेल्यांची नावं कुठं लिहिणार? आपला बाहुबली मात्र उभा आहे, हे मला फार मोठं वाटतं. एक न झालेलं युद्ध ५७ फूट उंच उभं करून दाखवलंय.

मग मावशींना मी काय सांगितलं? एका रविवारी सगळ्या गेल्यावर त्यांना थांबवलं, दूध दिलं आणि म्हटलं, “मावशी, मी त्या पाकिटाला हात जोडते. अनुमोदन होतं असं तुम्ही म्हणता, होत असेल. पण मी हात नाही जोडले तरी ते होतंच आहे. इथं राहते, खाते, दार उघडं टाकून झोपते, त्यात ते झालंच. हात नाही जोडले तर फक्त मला ते दिसणार नाही.”

मावशी म्हणाल्या, “मग प्रतिक्रमणात धरतेस का?”

“धरते. त्या सातांसाठी धरते, त्या मच्छीमारासाठी, त्या तिसांसाठीही.”

“त्यांनी पांढरं निशाण दाखवून गोळी घातली म्हणतेस ना?”

“हो.”

“तरी?”

“तरी.”

मावशी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “तुझं तू बघ बाई. मला नाही जमायचं.” त्यांचं काय जमायचं नाही, हात जोडणं की त्या तिसांना क्षमा, हे मी विचारलं नाही. त्यांच्याही मनात दोन्ही असावं.

धाकटा एळिमलाला गेला तेव्हा मी त्याला दारात ओवाळलं. ओवाळताना हात थरथरला हे खरं. त्याच्या पेटीत गव्हाच्या लाडवांचा डबा आणि एक पाणी गाळायचं फडकं ठेवलं. तिथं नळाला फिल्टर असतो हे मला माहीत आहे. त्यानं फडकं बघितलं, काही बोलला नाही, घडी घालून परत ठेवलं.

गेल्या क्षमावाणीला त्याचा फोन आला. माझ्याआधी त्यानं ‘उत्तम क्षमा’ म्हटलं. मग मी त्या तोफेच्या वाक्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, “अगं, ते तर मी इथं मित्रांना सांगितलं. सगळे हसले.” मी म्हटलं, “हसण्यासारखं नव्हतं ते.” “माहितीय,” तो म्हणाला. मग सूर्यास्ताआधी जेवण मिळत नाही, पण रात्री नुसतं दूध घेऊन भागवतो, असं सांगितलं. ते खरं की मला बरं वाटावं म्हणून, कोण जाणे.

फोन ठेवता ठेवता त्यानं विचारलं, “तू आत जाऊन ती नावं वाचलीस का?”

“अजून योग नाही आला.”

“मी सुट्टीत आलो की जाऊ.”

तोवर पाकीट भिंतीवर आहे. मावशी रविवारी येतात, आणि त्याच्याकडे पाठ होईल अशा खुर्चीत बसतात. मी ती खुर्ची हलवलेली नाही, पाकीटही.